पपईवाल्या बाई आणि लिंबी

आमच्या बाईंना कच्ची पपई दिसली की त्यांचं पाऊल पुढे पडत नसे. सांगलीत ज्याच्या परसात पपईचं झाड, त्याच्या दारात बाई सकाळी सकाळी उभ्या. पर्समधून ब्लेड काढायचं, फळावर चार उभ्या चिरा मारायच्या आणि टपकणारं दूध काचेच्या वाटीत धरायचं. फळ मालकाचं, दूध बाईंचं, असा करार. सगळे त्यांना पपईवाल्या बाईच म्हणत. त्या चांगल्या शिकलेल्या डॉक्टर आहेत आणि त्या दुधाच्या मदतीनं कॅन्सरवर औषध शोधताहेत, असं मी सांगितलं की लोक माझ्याकडेच संशयानं बघत.

मी तेव्हा मेढ्याहून बी.एस्सी. होऊन आलेली. बाईंच्या प्रयोगशाळेत, म्हणजे एका दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत, मला नोकरी लागली. मायक्रोस्कोपला हात लावायची भीती वाटे. "अगं, तो चावत नाही," बाई म्हणाल्या. "साप चावतो. मी पंधरा वर्षं सापांत काढलीत." ते खरंच होतं. आधी त्या सर्पदंशाची लस बनवत. घोड्याला थोडं थोडं विष टोचलं की त्याच्या रक्तात विषाला धरून ठेवणारे प्रतिपिंड तयार होतात. बाईंच्या मनात आलं, विषाऐवजी कॅन्सरच्या पेशी टोचल्या तर?

घोडा कुठून आणणार? मेंढी आली. ती दिली धोंडिबानं, पूर्वेकडच्या दुष्काळी भागातल्या धनगरानं. त्याची बायको यसू आमच्याच दवाखान्यात होती. तिच्या मानेत आणि काखेत कॅन्सरच्या गाठी होत्या. त्या गाठीतल्या पेशी बाईंनी त्याच्याच मेंढीला, लिंबीला, टोचल्या. यसूला ते मुळीच पटलं नाही. "आवं बाई, माझं दुखणं त्या मुक्या जिवाला कशापायी दिलं?" बाईंनी खाटेवर बसून तिला समजावलं, की लिंबी आजारी पडणार नाही, उलट तिचं रक्त त्या पेशी ओळखायला शिकेल. यसू म्हणाली, "शिकू द्या. पर पाला येळेवर घाला तिला."

प्रतिपिंडाचं चित्र बाई खडूनं दारावरच काढत. पुढे दोन हात, मागे शेपूट. हात पेशीला धरतात. सापाच्या कामात शेपूट कापून टाकायची रीत होती, कारण ते रोग्याला बाधू शकतं. ते कापायला पपईचं दूध. "शेपूट म्हणजे कचरा," हे बाईंचं ठरलेलं वाक्य. त्याच रीतीनं आम्ही लिंबीच्या रक्तातलं सिरम, म्हणजे प्रतिपिंड असलेलं पिवळसर पाणी, साफ करत होतो. मग काचपट्टीवर यसूच्या गाठीतल्या पेशी, त्यात सिरम, त्यात माणसाच्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि शेवटी निळा रंग. मेलेली पेशी निळी होते, जिवंत होत नाही. महिनेच्या महिने गेले, निळं काही दिसेना. तिकडे यसू दिवसेंदिवस वाळत चालली होती.

एके दिवशी बाई साताऱ्याला गेल्या होत्या. लिंबीनं दावं तोडलं आणि अंगणात वाळत घातलेलं पपईचं दूध ताटासकट उलथवून टाकलं. मी गुपचूप शेपूट न कापलेलंच सिरम वापरलं आणि वहीत नेहमीसारखं 'कापले' असं लिहून टाकलं. संध्याकाळी बाई आल्या, मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि काचपट्टी पुन्हा पुन्हा सरकवून पाहिली. मग म्हणाल्या, "बघ." पांढऱ्या पेशी गाठीच्या पेशींना भिडल्या होत्या आणि मधेमधे निळे ठिपके दिसत होते.

मी रडत रडत खरं काय ते सांगून टाकलं. बाई उठल्या, अंगणात गेल्या आणि लिंबीपुढे चक्क हात जोडून उभ्या राहिल्या. "इतकी वर्षं मी ज्याला कचरा म्हणत होते, तेच पांढऱ्या पेशींच्या हाती लागतं गं! हात नुसते धरून ठेवतात. मारणाऱ्यांना बोलावतं ते शेपूट." मग माझ्याकडे वळल्या. "वहीत मात्र पुन्हा खोटं लिहायचं नाही." आपली पंधरा वर्षांची समजूत एका संध्याकाळी मोडली, म्हणून इतकं आनंदलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

पण ठिपके थोडेच होते. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, तरी थोडेच. बाई म्हणाल्या, "शेपूट मेंढीचं, पेशी माणसाच्या. ओळख अर्धवटच पटते. हात लिंबीचे आणि शेपूट माणसाचं, असं जोडता आलं पाहिजे."

"कसं जोडायचं?"

"मला नाही येत. कुणाला तरी येईल." आणि तेही त्यांनी वहीत लिहून ठेवलं.

धोंडिबाला ठिपक्यांची बातमी लागलीच. तो दारात येऊन बसला. "बाई, लिंबीचं औषिद यसूला कवा देताय?"

"काचेवर पाहिलंय, धोंडिबा, माणसात नाही. शेपटासकट मेंढीचं सिरम तिला सोसणार नाही. श्वास कोंडेल."

"आवं, मरायला टेकलीया ती. दिऊन मरंल, न दिऊन बी मरंल."

बाई त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या. "तिचं मरण मी आणखी अवघड करणार नाही. मला शिवी दे, पण हे मागू नकोस." त्यानं शिवी दिली नाही. त्यानं पटक्याचं टोक तोंडाला लावलं.

यसू गेली. बाई आणि मी लिंबीला टेम्पोत घालून धोंडिबाच्या वस्तीवर परत द्यायला गेलो. त्यानं मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला आणि दावं पुन्हा बाईंच्या हातात दिलं. "यसू म्हणाली व्हती, लिंबी शिकलीया न्हवं, तर बाईंकडंच ऱ्हाऊ द्या तिला." साप हाताळणाऱ्या आमच्या बाई परतीच्या वाटेवर टेम्पोत मेंढीला धरून रडल्या. निवृत्तीनंतर त्या साताऱ्याला राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. ती वही त्यांनी आधीच मला दिली होती.

गेल्या वर्षी माझ्याच मानेत कॅन्सरची गाठ आली. पुण्यातल्या तरुण डॉक्टरनं कागदावर औषधाचं चित्र काढलं, दोन हात आणि शेपूट. "आजी, आपल्या पांढऱ्या पेशींना घट्ट धरता यावं म्हणून हे शेपूट मुद्दाम घडवलंय."

"माणसाचं आहे ना?" मी विचारलं.

त्यानं पेन खाली ठेवलं. "हो. तुम्हाला कसं ठाऊक?"

"एका मेंढीमुळे," मी म्हणाले. सलाईनच्या नळीतून पहिला थेंब उतरला तेव्हा मला भीती वाटली नाही. कुणाला तरी जमलं होतं. फक्त यसूला हे मिळालं नाही, एवढंच मनात आलं आणि मला रडू आवरेना.