बुर्गाची डुलकी

पडदा वर जाऊ द्या. जर्मनीत एल्बे नदीकाठच्या आमच्या गावातलं कोर्ट, जूनमधली दुपार. नदीवरचा उजेड उंच खिडक्यांतून आत येऊन छतावर लहरतो आहे. न्यायाधीशांच्या शेजारी वाल्बुर्गा टेशनर बसली आहे. आमच्या नाट्यगृहाची ही प्रॉम्प्टर. मी अडखळलो की रंगमंचाखालच्या खोक्यातून तिचा श्वासाइतका हलका आवाज यायचा आणि मी तरून जायचो. ती निवृत्त झाली, तेव्हा गावानं तिला न्यायाधीशांबरोबर निकाल देणाऱ्या साध्या नागरिकांमध्ये निवडलं.

आरोपी होता नदीवर फेरीबोट चालवणारा हेनिंग बेनके. शेजाऱ्याची होड्यांची शेड त्यानं जाळली, असा आरोप. आगीचा तज्ज्ञ संथ सुरात बोलत होता. छतावरचा उजेड हलत होता. बुर्गाचे डोळे मिटले आणि तिला दिसलं, आमचं अख्खं नाट्यगृह नदीतून वाहत चाललंय, नट एकेक करून संवाद विसरतायत आणि तिच्या मांडीवरची पानं कोरी आहेत.

हेनिंग निर्दोष सुटला. पण आठवड्याच्या आत सरकारी वकिलानं अपील केलं: निकाल देणारीच झोपली असेल, तर खटला नीट चालला असं कसं म्हणायचं? वरच्या कोर्टानं बुर्गाकडं लेखी खुलासा मागितला.

हेनिंग तिच्या स्वयंपाकघरात आला, तेव्हा मी तिथंच चेरीचा केक खात होतो.

"एकदा सुटलो ना मी, बुर्गाताई? मग त्याच आगीसाठी पुन्हा कशाला उभं करतायत?"

"अपील निकाली निघेपर्यंत सुटका पक्की नसते रे."

"मग लिहा ना, डोळे मिटून ऐकत होते म्हणून! खोक्यात तसंच ऐकायचात की!"

"खोक्यात मला स्वप्नं पडत नसत, हेनिंग."

"तुम्ही माझ्या बाजूनं होतात ना, तेवढं तरी सांगा."

"निकाल ठरवताना आतल्या खोलीत झालेलं बाहेर सांगता येत नाही. केक घे."

त्यानं केक घेतला नाही. दार आपटून गेला. बुर्गानं कागद ओढला आणि झोप लागली होती, असं सरळ लिहून टाकलं.

निकाल रद्द झाला. हिवाळ्यात, दुसऱ्या न्यायाधीशांपुढं, हेनिंग पुन्हा त्याच बाकावर बसला. बुर्गा रोज प्रेक्षकांत, थर्मास मांडीवर घेऊन. तिच्याकडं तो बघतही नव्हता. तोच तज्ज्ञ, तोच सूर. आग आतून, चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतून लागली असावी, तो म्हणाला. ते तिनं पहिल्यांदाच ऐकलं. बाहेर नदीवर धुकं इतकं दाटलं होतं, की गाव तरंगतंय असं वाटत होतं.

हेनिंग पुन्हा सुटला. या वेळी कुणी अपील केलं नाही. मुदत संपली त्या संध्याकाळी त्यानं आम्हा दोघांना फेरीबोटीनं पलीकडं न्यायला घेतलं. मधोमध इंजिन बंद केलं आणि बोट नुसती वाहू दिली. मग त्यानं विचारलं, "आता तर सगळं ऐकलंत. काय वाटतं तुम्हाला?"

बुर्गानं शाल घट्ट ओढली.

"तेव्हाचं विचारू नकोस. आजचं सांगते. तू नाही लावलीस आग. आता इंजिन चालू कर बाबा, पाय गारठले माझे."