चाचणीचं नाव

रबाळ्याच्या आमच्या कंपनीत साहेबांनी रजेच्या अर्जांसाठी केलेल्या नव्या पोर्टलचं फीत कापून उद्घाटन केलं. सर्व्हरला झेंडूचा हारही घातला. दुसऱ्या दिवसापासून लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला ते ‘स्वागत, पाहुणे’ म्हणू लागलं; साहेबांनासुद्धा. आणि पाहुण्यांना रजा कुठली?

दुरुस्तीला घणसोलीहून एकजण आला. पन्नाशीचा, बोलण्यात सातारा शिल्लक असलेला. आधी त्याने हार अलगद बाजूला ठेवला. त्याने सर्व्हरच्या पंख्याची हवा अडत होती. बराच वेळ टाइप करून मला म्हणाला, "सर्व्हर बरोबर हाय, साहेब. मधला प्रॉक्सी, म्हंजे दारावरचा राखणदार, पासवर्ड तपासतो, पण नाव पुढं पाठवत नाय. म्हणून आत सगळेच पाहुणे."

त्याने सेटिंग बदललं आणि चाचणीसाठी नवीन खातं उघडलं. बाकीचे तिथे ‘टेस्ट’ लिहितात; याने एका मुलीचं नाव लिहिलं. पडद्यावर ‘स्वागत’च्या पुढे ते नाव उमटलं, तसा तो खुर्चीत मागे टेकला.

"लेक का?" मी विचारलं.

"व्हय. कालेजात होती. तापात गेली." त्याची नजर पडद्यावरच होती. "जाईल तिथं तिच्याच नावानं तपासतो."

"मग राहू द्या ना ते. कोण बघतंय?"

"नको, साहेब. चाचणीचं खातं मागं ठेवायचं नसतं."

त्याने खातं काढायला घेतलं. ‘नक्की काढायचं?’ पडद्यावर प्रश्न आला. माऊसवर हात ठेवून तो थांबला.

"हे निदान इचारतं तरी," तो म्हणाला, आणि त्याने ‘होय’ दाबलं.