तात्यांच्या घरची पिल्लं

"न व्हायला काय झालं?" असं म्हणून तात्या टोपी मागे सारायचे. टोपी मागे गेली की समजायचं, आता या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. अशी माणसं तुमच्याही शेजारात असतील.

मी लग्न होऊन गिरीजला आले ती पन्नास सालच्या आसपासची गोष्ट. तात्यांची केळीची वाडी आमच्या वाडीला लागून, मध्ये नुसतं कुंपण. त्यांच्या ओटीवर पिंजऱ्यात पोपटांची जोडी होती. मादी वादळात पडलेल्या माडाच्या ढोलीत सापडलेली, एका पंखानं अधू. राघू मागाहून नंदाखालहून आला. दोघांना हातावर वाढवलं ते तात्यांच्या सुनेनं. ती माझ्याच वयाची, कमी बोलणारी.

त्या वर्षी सुनेचं पहिलं मूल जन्मतःच गेलं. भेटायला आलेल्या बायकांत तात्यांची थोरली बहीण होती. तिला सगळे आक्का म्हणत आणि सगळे भीत. मागल्या दारी बसून आक्का म्हणाली की जोडी कोंडून ठेवली, तिला कधी पिल्लू होऊ दिलं नाही, तर घराला तळतळाट लागणारच. पोपट सोडून द्या आणि सुनेला काही दिवस माहेरी पाठवा. सून आतच होती, तिनं ऐकलं. विहिरीवर पाय धुणाऱ्या तात्यांनीही ऐकलं.

तात्या भांडले नाहीत. बहिणीसमोर येऊन त्यांनी टोपी मागे सारली. "मोडक्या पंखाची मादी सोडली तर मांजर खाईल. सून कुठं जाणार नाही. आणि पिल्लांचं म्हणशील तर, न व्हायला काय झालं?"

पिंजऱ्यातले पोपट अंडी घालत नाहीत, अशी सगळ्या गावाची खात्री होती. तात्यांनी गोठ्याची रिकामी बाजू बांबूनं आणि जाळीनं बंद केली, मेलेल्या माडाचं पोकळ खोड कापून आत उभं केलं, त्याला वरच्या अंगाला भोक पाडलं, तळाशी भुसा घातला आणि जोडीला तिथं सोडलं. थंडी सरता सरता मादी आत शिरू लागली, राघू तिला चोचीनं भरवू लागला. अंडी झाली, आणि तात्यांचा आनंदच नडला. येईल त्याला ते अंडी दाखवत. मादी बिथरली, बाहेरच बसून राहिली, अंडी थंड पडली. काही जण हसले. आक्का हसली नाही. देवाच्याच मनात नाही, एवढंच म्हणाली. सून जाळीशी उभी राहून रडत होती, आणि तात्या ढोली साफ करत होते.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी गोठ्याच्या वाटेवर बांबू आडवा बांधला. पाहुणे बंद, शेजारी बंद, खुद्द तात्यांच्या बायकोला, काकींनाही, बंदी. विहिरीवरचा रहाट करकरतो म्हणून त्याला घरचं खोबरेल पाजलं. केसांना थेंब उरला नाही, अशी कुरकूर करत काकी माझ्याकडे वाटी घेऊन आल्या. आत जायची मुभा एकट्या सुनेला. भिजवलेले हरभरे, पेरू, मिरच्या ठेवायच्या आणि ढोलीत न डोकावता परत यायचं. मीही डोकावत नाही, असं तात्यांनी तिला सांगितलं होतं. पण दुपारी जेवणं झाली की गोठ्याच्या भिंतीला कान लावून बसलेले ते मला कुंपणावरून दिसत.

एका सकाळी सून पदराचं भान नसल्यासारखी धावत बाहेर आली. ढोलीतून बारीक आवाज येत होते.

तात्यांनी गावात डांगोरा पिटला नाही. पिल्लांना हिरवी पिसं फुटेपर्यंत थांबले आणि मग एकाच माणसाला बोलावणं धाडलं. आक्का आली, वाकली, बराच वेळ पाहत राहिली.

"झाली खरी," ती म्हणाली.

"आता सुनेला बोल लावायचा नाही," तात्या हळू आवाजात म्हणाले.

जाताना आक्कानं सुनेच्या खांद्यावरचा भुसा आपल्या हातानं झटकला.

पिल्लं उडू लागल्यावर तात्यांनी वरची जाळी सोडली. ती वाडीवरून जाणाऱ्या थव्यात मिसळली. राघूलाही जाता आलं असतं, पण तो मादीपाशी राहिला.

सुनेला पुढे मूल झालं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टींत शेवटी पाळणा हलतो, इथं तो हलला नाही. पण माहेरी पाठवायची भाषा पुन्हा कोणी काढली नाही. गावात कुठंही बारसं असो, तात्या तिला स्वतः घेऊन जात आणि ती परत निघेपर्यंत त्या घरच्या ओटीवर बसून राहत.

काही वर्षांनी, केळीला पाणी लावताना, तात्या वाडीतच कोसळले. माणसं जमली, तिरडी बांधून झाली. सून कुठं दिसेना. पोपट सकाळपासून उपाशी ओरडत होते, म्हणून ती गोठ्याकडे गेली होती. ऊन चढतंय, उचला, असं कोणीतरी म्हणालं. तेव्हा आक्का भिंतीचा आधार घेत उठली आणि तिरडीच्या पुढे येऊन उभी राहिली.

"घरची सून येऊ द्या," ती म्हणाली. "मग उचला."

सगळे थांबले.