टोकाच्या घरचा नमुना

माझ्या नणंदबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी पाण्याचा वास घेतात. यजमानीण ट्रे घेऊन समोर उभी, आणि या पेल्यात नाक घालून बसलेल्या. माझ्या लग्नानंतर त्या पहिल्यांदा माझ्या माहेरी आल्या, तेव्हा आईच्या हातचं पाणी हुंगून म्हणाल्या, "छान आहे, क्लोरीन लागतोय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईला ती तक्रारच वाटली. अजूनही ती मला विचारते, "तुझ्या नणंदेला आमच्या पाण्यात नेमकं काय खुपलं गं?" आता काय सांगायचं? बाकीच्यांना तो वास नकोसा होतो, आणि या बाईचा मात्र तो आला की जीव भांड्यात पडतो.

त्या शहराच्या पाणी तपासणी विभागात नमुने गोळा करतात. खांद्याला बर्फाची पेटी, पेटीत निर्जंतुक केलेल्या बाटल्या, पिशवीत स्पिरिट, कापूस आणि लायटर. गल्लीबोळांत त्यांचं नाव बाटलीताई. काम बघायला गंमत वाटते. नळाचं तोंड पुसायचं, पाणी वाहू द्यायचं, बंद करून तोंडाशी जाळ धरायचा, पुन्हा पाणी सोडायचं आणि मग कुठेही बोट न लावता बाटली भरायची, तीही काठोकाठ नाही. शिवाय तिथल्या तिथे एका छोट्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. जलशुद्धीकरण केंद्रापासून पाणी जितकं लांब जाईल तितका हा रंग फिका होत जातो. म्हणून लाइनीवरचं शेवटचं घर सगळ्यांत महत्त्वाचं. तिथपर्यंत क्लोरीन पोचला, तर मधल्या सगळ्यांना पोचला असं धरतात.

नियमांच्या बाबतीत नणंदबाई नाकावर माशी बसू देत नाहीत. नमुना थेट लाइनीवरच्या नळाचा घ्यायचा, टाकीतल्या पाण्याचा नाही, हे वाक्य मी आमच्या घरी जेवताना इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. आणि नेमका हाच नियम त्यांनी मोडला. मोडला तोही प्रेमापोटी, म्हणून मला त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

झालं असं, की खालच्या गल्लीच्या लाइनीवरचं शेवटचं घर निघालं आत्याबाईंचं. आत्याबाई म्हणजे माझ्या आतेसासूबाई. आई गेल्यावर नणंदबाईंना त्यांनीच वाढवलं, वेण्या घातल्या, शाळेत सोडलं. आता त्या गुडघ्यांनी बेजार, वरच्या मजल्यावर एकट्या. दर मंगळवारी भाची येणार म्हणून सोमवारपासूनच त्यांची लगबग सुरू व्हायची. लाइनीवरचा नळ मात्र खाली, जिन्याच्या मागे, गटाराशेजारच्या चिखलात. नणंदबाई तिथे उकिडव्या बसायच्या आणि वरून हाका सुरू व्हायच्या. "अगं, मी इथे चहा गाळून बसलेय आणि तू तिकडे चिखलात काय करतेस? वर नळ नाही का?"

वर स्वयंपाकघरात नळ होता. पण त्याला पाणी यायचं न्हाणीघरावरच्या छोट्या टाकीतून. नणंदबाईंनी बरेच दिवस दाद दिली नाही. मग एकदा चिखलात पाय घसरून घोटा सुजला, आणि पुढच्या मंगळवारी त्या वर गेल्या. टाकी एवढीशी तर आहे, रोज सकाळी ताजी भरते, म्हणजे पाणी तेच की, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. तेव्हापासून नमुना वरच्या नळाचा, आणि त्यासोबत आत्याशी तासभर गप्पा.

त्यानंतर लवकरच तिथला एक नमुना खराब आला. लाइनीचा कुठलासा सांधा दुरुस्त झाला, पण तेवढ्यात विभागाच्या माणसाने आत्याबाईंच्या दाराला लाल अक्षरांची नोटीस चिकटवली, पाणी उकळून प्या म्हणून. येणारा-जाणारा विचारू लागला, "काय हो आजी, तुमच्या घरचं पाणी खराब निघालं म्हणे?" आयुष्यभर भांडी लखलखीत ठेवलेली बाई ती. त्यांनी दाराबाहेर पडणंच सोडलं. भाचीलाही त्या दिवशी ऑफिसातून फोनावर फोन येत होते, तेही त्यांनी पाहिलं.

पुढे मात्र टोकाचे नमुने एकजात चांगले येऊ लागले. रंग तर असा पिवळाधमक, की नणंदबाई घरी येऊन कौतुकाने सांगायच्या. एकदा त्यांच्या साहेबांनी विचारलंसुद्धा, "मधल्या नळाला फिकट आणि टोकाला गडद? वाटेत क्लोरीन वाढतो की काय, ताई?" नणंदबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिथला सांधा नवा आहे, म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना ते खरंच वाटत होतं, कारण वाटून घ्यायचं होतं.

मग खालच्या गल्लीत कावीळ सुरू झाली. आधी एक घर, मग शेजारचं, मग पलीकडचं. मधल्या घरात ब्लाउज शिवणारी एक बाई राहते. तिच्या तरुण लेकीला दवाखान्यात ठेवावं लागलं. त्या बाईने एका मंगळवारी नणंदबाईंना रस्त्यातच अडवलं. मी सोबत होते.

"ताई, पाण्याला वास येतोय. सकाळी सकाळी तर गढूळच येतं."

"टोकाचा नमुना गेल्या आठवड्यात चांगला आलाय," नणंदबाई म्हणाल्या. "लाइनीत दोष नाही. तुमची टाकी धुवून घ्या एकदा."

"धुतली. दोनदा धुतली."

"मग बाहेर काही खाल्लं-प्यालं असेल तिनं."

ती बाई वळून दवाखान्याकडे निघाली. सरकारी पेटीपुढे ती काय बोलणार? विभागही हेच सांगत होता. टोकाला पाणी चांगलं, म्हणजे लाइन चांगली, म्हणजे खणायचं कारण नाही. टोकाचा नमुना खराब येत नाही तोवर एक दगडही हलणार नव्हता, आणि गल्ली तेच पाणी पीत राहणार होती.

त्याच सुमाराला आत्याबाईंचे गुडघे जास्तच धरले, म्हणून मी त्यांच्याकडे राहायला गेले. सोमवारी दुपारी भांडी आवरून वळते तो काय, आत्याबाई न्हाणीघरात स्टुलावर चढलेल्या! एका हाताने भिंत धरलेली, दुसऱ्या हातात छोटी बाटली, आणि टाकीचं झाकण बाजूला.

"आत्याबाई! पडाल ना! काय करताय तिथे?"

"ओरडू नकोस गं. औषध टाकतेय. पाणी शुद्ध करायचं. औषधांच्या दुकानातून मागवून घेते."

"ते कशाला?"

"उद्या ती येणार ना," त्या म्हणाल्या. "कोणी यायचं असलं की आपण घर आवरतो, तसं पाणी नको का आवरायला?"

मला आधी हसू आलं. अगदी खळखळून हसले मी. मग एकदम लक्षात आलं, उद्याचा नमुना याच टाकीतला. स्टुलावरून त्यांना उतरवून घेतलं आणि विचारलं, कधीपासून? त्यांनी सरळ सांगितलं, नोटीस लागली होती तेव्हापासून, दर सोमवारी. सांगताना चेहऱ्यावर केवढं समाधान! भाचीची मान खाली जाऊ दिली नाही, याचं.

मी तशीच घरी आले. नणंदबाई जेवणाच्या टेबलावर उद्याच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावत होत्या. मी काहीही न सजवता सगळं सांगून टाकलं. असल्या गोष्टी गोडीत सांगायला मला जमत नाही. त्यांनी हातातली चिठ्ठी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणून गडद यायचा." आणि थोड्या वेळाने, "त्या बाईला मी टाकी धुवायला सांगितली गं." एवढं बोलून त्या रडल्या. या घरात आल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेच्या कितीतरी आधी त्या गल्लीत पोचल्या. मी बर्फाची पेटी धरून मागे. वर न जाता थेट जिन्यामागच्या चिखलात बसल्या. नळ पुसला, जाळ धरला, बाटली भरली. मग छोट्या नळीत थेंब टाकले आणि दोघी बघत राहिलो. पाणी जसंच्या तसं राहिलं. पिवळ्याचा मागमूस नाही.

"आज इतक्या लवकर कशी गं?" वरून आवाज आला. "आणि खाली काय बसलीस?"

नणंदबाई वर गेल्या, आत्याबाईंच्या पायांशी बसल्या. "आत्या, मी तुझं घर बघायला येत नव्हते. खालच्या गल्लीतल्या सगळ्यांचं पाणी मी तुझ्याकडे बघत होते."

"मला काय ठाऊक? नमुना चांगला आला की तुझा चेहरा खुलायचा. मी तेवढंच बघितलं."

"तुझी चूक नाही. मी खालच्या नळावर बसले असते, तर तू टाकीत काहीही ओतलं असतंस तरी बिघडलं नसतं."

आत्याबाईंना मग हळूहळू सगळं उमगलं. चहा तसाच गार झाला.

प्रयोगशाळेने नमुना खराब ठरवला, त्या दिवशी नणंदबाई साहेबांपुढे उभ्या राहिल्या. साहेब वाईट माणूस नाही. ते म्हणाले, "आजचा खराब आला, एवढंच वर कळवू. मागचं कशाला उकरता? तुमच्या नोकरीचा विचार करतोय मी."

"मागचे चांगले तसेच राहिले तर बिघाड परवाच झाला असं होईल," या म्हणाल्या. "मग एक सांधा उघडतील आणि बुजवतील. लाइन कधीपासून गळतेय कुणाला माहीत? सगळी उघडायला हवी. आणि दवाखान्याला कळायला हवं, किती मागचे आजारी तपासायचे ते. टोकाचे सगळे रद्द करा. मी टाकीचे घेत होते, असं लिहून देते."

लिहून दिलं. आत्याबाईंच्या औषधाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "नियम मला माहीत होता, तिला नाही."

लाइन खणली. एका जागी ती गटाराच्या अगदी पोटातून गेली होती आणि तिथे गंजून चाळण झाली होती. गल्लीत टँकर येऊ लागला. नणंदबाईंची चौकशी लागली, फेरी काढून घेतली, आणि तोवर त्यांना टँकरवर उभं केलं, पाणी वाटायला. म्हणजे ज्यांना आपण पाणी चांगलं आहे म्हणून सांगत होतो, त्यांच्याच बादल्या भरायच्या. लोकांनी काही ऐकवायचं बाकी ठेवलं नाही. "हिनेच सांगितलं होतं पाणी चांगलं आहे." "पगार कशाचा घेते गं?" त्या मान खाली घालून नळी धरायच्या. मला तर एकेकाला धरून विचारावंसं वाटायचं, पण विचारणार काय? लोकांचं चुकत नव्हतं.

आत्याबाई वरच्या खिडकीतून हे ऐकत होत्या. तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली, "मला खाली ने." जिन्याच्या प्रत्येक पायरीवर बसत बसत त्या उतरल्या. रांगेपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शिव्या द्यायच्या त्या मला द्या. ती यायच्या आदल्या दिवशी टाकीत औषध मी टाकत होते. तिला माहीत नव्हतं."

"आत्या, वर जा," नणंदबाई म्हणाल्या.

रांगेत बादली घेऊन ती ब्लाउज शिवणारी बाई होती. चिडली नाही. तिला फक्त कळत नव्हतं. तिने विचारलं, "आजी, औषध होतं तुमच्याकडे, तर आमच्या टाकीतही टाकायचंत की हो. मी येऊन घेऊन गेले असते."

जे खरं होतं तेच आत्याबाईंनी सांगितलं. "तुमच्याकडे कोणी तपासायला येत नव्हतं ना गं."

आत्याबाईंना आपण काय बोललो ते बोलल्यावर कळलं असावं, कारण त्यांनी माझा दंड घट्ट धरला. टँकरचं पाणी बादलीतून वाहून रस्त्यावर चाललं होतं. नणंदबाईंनी नळी बंद केली.

"येईन तपासायला," नणंदबाई त्या बाईला म्हणाल्या. "मला ठेवलं तर मी, नाहीतर दुसरं कोणी. पण तुमच्याही दारी येईल, आणि न सांगता येईल."

बाईने बादली उचलली. "या," ती म्हणाली. "पण आधी माझी पोर घरी येऊ दे."