मावशीचे गवंडी

माझ्यासारख्याने कुणाविषयी लिहावं हा आगाऊपणाच. घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नाही, आणि लिहिणं म्हणजे मला अजून फॉर्म भरणंच वाटतं. चुकलं तर माफ करा. पण लहान मुलांना माझ्या मावशीइतकं मोठं समजणारं माणूस अख्ख्या तलासरी तालुक्यात नसेल.

मावशी म्हणजे आईची चुलत बहीण. सातवी शिकलेली. वेवजीजवळच्या आमच्या पाड्यावर ती एका संस्थेची बालवाडी चालवायची. दर सोमवारी ती एक धंदा ठरवी आणि आठवडाभर सगळी बालवाडी तोच धंदा करी. कोळ्यांच्या आठवड्यात तिने किनाऱ्यावरच्या चिखल्याहून फाटकं जाळं आणलं आणि मुलांनी काय तरंगतं, काय बुडतं ते तपासलं. मी सुट्टीत घरी होतो; माझी नवी चप्पल तरंगते हे तेव्हाच सिद्ध झालं, पण ओढ्यात. ती परत आली नाही. लग्नघरात वारली चित्रांचा चौक लिहिणाऱ्या सवासिणींच्या आठवड्यात तांदळाच्या पिठाने भिंत, दार आणि मावशीची पाठही रंगली. नर्सच्या आठवड्यात मुलांनी सरपंचांची नाडी धरून त्यांना झोपायचा हुकूम सोडला, आणि ते खरंच झोपले. मुलांना मावशी अहो-जाहो करी, "अहो नर्सबाई, आधी नाक पुसा." सरपंचांना मात्र अरे-तुरे.

गवंड्यांच्या आठवड्यात संस्थेच्या मॅडम तपासणीला आल्या. पेंढा घातलेला चिखल उन्हात तडकत नाही, नुसता चिखल तडकतो, हे मुलं कोपरापर्यंत माखून बघत होती. मॅडमनी एकीला विचारलं, "मोठेपणी काय होणार?"

"मोठेपणी कशाला?" चार वर्षांची ती म्हणाली. "आताच गवंडी आहे मी."

मॅडमचा चेहरा उतरला. "बाई, डॉक्टर-इंजिनियर सोडून यांना मजूर करताय?"

"डॉक्टर मागच्या महिन्यात झाले की. तेव्हा तुम्ही आला नाहीत."

पुढच्या आठवड्यात पत्र आलं: आठ दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर कामावरून कमी करू. मावशी ते पत्र पिशवीत घालून डहाणूला माझ्या हॉस्टेलवर आली. "तू कॉलेजात आहेस. तूच लिही. चांगल्या मराठीत."

मी हो म्हणालो. चार कागद फाडले. माझं मराठी त्यांना चालेल का, 'धंदा' लिहावं की 'व्यवसाय', सरांना दाखवू का, असं करत राहिलो. सरांना विचारायचा धीर झाला नाही. आठ दिवस गेले. मग परीक्षा आली, आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

शेवटचा पेपर झाल्यावर मी आईला फोन केला, मावशीचं विचारलं. आई म्हणाली,

"तिला काढलं रे. महिना झाला. तुझी परीक्षा होती ना, तिनंच सांगू दिलं नाही."