चार नंबर बेडची बाटली

चार नंबर बेडची बाटली गप्प झाली होती आणि ते बघून मला बरं वाटलं. दुपारचे चार वाजले होते, नातेवाइकांची भेटायची वेळ. मी औषधांची ट्रॉली ढकलत वॉर्डमधून चालले होते. बेडखालच्या बाटलीकडे जाता जाता नजर टाकली, बुडबुडे नाहीत एवढं पाहिलं आणि पुढच्या पेशंटकडे वळले. बावीस वर्षं नर्सिंग करूनही मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले, ती अशी.

बेडवर निलेश होता. वय सत्तावीस, राहणार चामटोली, अंबरनाथला एमआयडीसीत पॅकिंगच्या कामावर. उंच आणि काडीसारखा बारीक. अशा पोरांच्या फुफ्फुसावर कधी कधी एखादा नाजूक फोड असतो आणि काही कारण नसताना तो फुटतो. ह्याला खोका उचलताना छातीत कळ आली आणि श्वास पुरेना. उल्हासनगरला आमच्या नर्सिंग होममध्ये आणला, तेव्हा एक्स-रेत डावं फुफ्फुस पार बसलेलं होतं.

फुफ्फुस बसलं म्हणजे काय, ते सांगते. डब्यात फुगा ठेवलाय असं समजा. डबा म्हणजे छातीचा पिंजरा, फुगा म्हणजे फुफ्फुस. फुग्याला भोक पडलं की हवा बाहेर येऊन दोघांच्या मधल्या जागेत साठते आणि फुग्यालाच दाबून टाकते. मग कितीही ओढून श्वास घेतला तरी तो फुलत नाही. उपाय म्हणजे ती मधली हवा बाहेर काढायची. बरगड्यांच्या मधून छातीत एक नळी घालतात, तिला आम्ही आयसीडी म्हणतो. नळीचं दुसरं टोक खाली बाटलीतल्या पाण्यात बुडवलेलं असतं. हवा बुडबुडे होऊन निघून जाते, पण पाण्यामुळे परत आत शिरत नाही. भोक बुजलं की बुडबुडे थांबतात.

हे शेवटचं वाक्य मी त्या दिवशी सकाळी सविताला ऐकवलं होतं. सविता निलेशची बायको. जीन्सच्या कारखान्यात धागा कटिंग करते, म्हणजे शिवून आलेल्या पँटचे लोंबणारे धागे कापायचे. दोन दिवस ती त्या बाटलीसमोर स्टूल टाकून बसली होती. घरी कधी सोडणार, हे तिने दहाव्यांदा विचारलं तेव्हा माझे हात सलाईनमध्ये अडकले होते. मी म्हणाले, "बुडबुडे थांबले की सुटलात." तिने मान हलवली. समजलं असं मी समजले.

तर ट्रॉली घेऊन मी वॉर्डच्या टोकाला पोचले असेन, तेवढ्यात सविता आली. पळत नाही, चालत आली, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. "सिस्टर, ह्यांना बघा ना. बोलत नायेत."

निलेश बेडवर उठून बसला होता. दोन्ही हातांनी गादी धरलेली, ओठ जांभळे, कपाळावरून घाम निथळत होता. मानेच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या. मी बोटाला मशीन लावलं, रक्तातला ऑक्सिजन ब्याऐंशी. सकाळी सत्त्याण्णव होता. मास्क लावला, ऑक्सिजन पूर्ण उघडला. आकडा एकोणऐंशी झाला. ऑक्सिजन देऊनही आकडा उतरतो तेव्हा माणूस आपल्या हातातून चाललाय, हे कोणी शिकवावं लागत नाही.

आमचे सर आत हर्नियाच्या ऑपरेशनला. मी इंटरकॉम लावला, ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरने रिसीव्हर त्यांच्या कानाशी धरला. एका दमात सगळं सांगितलं. सर सिंधी, घाई असली की हिंदीत बोलतात.

"पानी हिल रहा है?"

"बबल्स बंद आहेत सर, मघापासून."

"बबल नहीं पूछा. पानी हिल रहा है क्या?"

तेच मी पाहिलं नव्हतं. बाटलीत नळीतलं पाणी प्रत्येक श्वासाबरोबर बोटभर वर चढतं आणि खाली उतरतं. बुडबुडे थांबले आणि पाणी हलतंय, तर बहुतेक भोक बुजत आलंय. बुडबुडेही नाहीत आणि पाणीही हलत नाही, तर आधी नळी बंद झाल्याचाच संशय घ्यायचा. हे मी स्वतः नव्या मुलींना शिकवते. वाकून पाहिलं. निलेश धापा टाकत होता आणि नळीतलं पाणी ढिम्म होतं.

"नाही हलत, सर."

"हाथ फिरा के ट्यूब देखो, छाती से बॉटल तक. बड़ी सुई निकाल के रखो. मैं आ रहा हूँ."

छातीत हवा साठतेय आणि जायला वाट नाही, म्हणजे ती आधी फुफ्फुसाला दाबणार आणि मग हृदयाला. फार तर काही मिनिटं असतात. वेळ पडली तर छातीत टोचून हवा काढायची जाड सुई मी ट्रॉलीवर काढून ठेवली. मी छातीच्या पट्टीपासून हात फिरवत निघाले. नळी चादरीखाली गेली होती. चादर ओढली. गादीच्या कडेला नळी दुमडून घडी घातली होती आणि घडीवर जीन्सचा जाड नारिंगी दोरा सात-आठ वेळा करकचून गुंडाळलेला. वर गाठ. कामात तरबेज हाताने मारलेली, बारीक आणि पक्की.

मी नखं लावली, गाठ सुटेना. ट्रॉलीतली कात्री घेतली, पण तिचं जाड पातं दोऱ्याखाली जाईना, दोऱ्याऐवजी नळीच कापली जाईल असं वाटलं. निलेशचे डोळे पांढरे व्हायला लागले होते.

"सरका," सविता म्हणाली. तिने पर्समधून छोटं कटर काढलं, तेच धागे कापायचं. डाव्या हाताने घडी धरली आणि एकदाच दाबलं. दोरा सुटला, नळीला ओरखडासुद्धा नाही.

बाटली उसळली. बुडबुड्यांचा एवढा आवाज झाला की शेजारचा पेशंट उठून बसला. निलेशने लांब श्वास घेतला, मग दुसरा. शहाऐंशी, नव्वद, त्र्याण्णव. मी आकड्यांकडे बघत उभी होते आणि मला रडू येत होतं.

सविताच्या हातात अजून कटर होतं. ती हळूच बोलली, कोणाकडे न बघता. "दोन दिस बघत्ये, ह्यांची हवा निस्ती बाटलीत चाललीये. श्वास पुरत नाय तो पुरत नाय, वर हवा पन जातेय. तुमीच बोल्लात थांबले की सुटलात. म्हनून बांधली."

सर आले, गाऊनसकट. निलेशची छाती तपासली, बाटली पाहिली, जमिनीवरचा नारिंगी दोरा उचलला. "किसने बांधा?"

सविताचा चेहरा उतरला. गप्प बसणं मला सोपं होतं. पेशंटच्या नातेवाइकांनी नळीला हात लावला एवढं रजिस्टरमध्ये लिहिलं की मी मोकळी. मी म्हणाले, "बांधला तिने सर. पण तिला अर्धंच मी सांगितलं होतं. आणि बाटली बंद बघून मीसुद्धा पुढे निघून गेले."

सरांनी आम्हा दोघींकडे पाहिलं. "आधा तुमने बोला, आधा इसने सुना. पेशंट तो पूरा जा रहा था." एवढंच बोलून ते अर्धवट ऑपरेशन पूर्ण करायला परत गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या एक्स-रेत फुफ्फुस बरंचसं फुललेलं दिसलं. आणखी चार दिवसांनी बुडबुडे आपोआप थांबले. त्या दिवशी मी बाटलीसमोर गुडघे टेकून बसले आणि पाणी हलतंय हे मोजून वीस श्वास पाहिलं. राउंडला आलेले सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी नळी निघाली.

तेव्हापासून मी बाटली समजावून सांगते आणि मग समोरच्याला म्हणते, आता तुम्ही मला सांगा. वेळ जातो. जाऊ दे.

निलेशला सोडायच्या दिवशी सहा नंबरला एक म्हातारे बाबा आले होते, त्यांनाही नळी. मी त्यांच्या सुनेला समजावायला निघाले, तर सविता आधीच तिथे उकिडवी बसलेली, कपड्यांची पिशवी शेजारी ठेवून.

"बुडबुडं नका बघू," ती त्या सुनेला सांगत होती. "पानी हलतंय का ते बघा. हलायचं थांबलं की सिस्टरला हाक मारा. आनि नळीला हात लावायचा नाय, किती बी वाटलं तरी."

मी मागे उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं. काही सांगायचं राहिलं नव्हतं.