गडाचं दार पाचला बंद

"म्याडम, दार लय झ्याक झालंय. पर आमच्या म्हशी कुटनं यायच्या?"

सागवानी दाराची दुसरी फळी नुकतीच दगडी चौकटीत बसली होती. गडावर क्रेन चढत नाही, सगळं माणसांनी खांद्यावर आणलेलं. सुतार, गवंडी, मी, सगळेच घामाघूम. उद्घाटन तोंडावर आलेलं. अशात धोंडूआबांनी हे विचारलं. खरं सांगायचं तर मला रागच आला.

मी कॉन्झर्वेशन आर्किटेक्ट आहे. म्हणजे जुनी वास्तू पडू नये आणि दुरुस्त करताना बिघडूही नये, हे बघणं माझं काम. दुसरं जास्त अवघड. हा गड लोणावळ्याजवळचा, नाव मुद्दामच सांगत नाही. मूळ दरवाजा कधी गेला कुणाला ठाऊक नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथे नुसती कमान होती. पायथ्याच्या वाडीतल्या आबांच्या चार म्हशी सकाळी त्या कमानीतून माथ्यावर जायच्या, दुपारभर तळ्यात डुंबायच्या आणि दिवस कलला की कुणी न हाकता आपल्या आपण घरी यायच्या. घर त्यांच्या दुधावर चालायचं. आबांची सून पायऱ्यांपाशी ताक विकायची.

अशा मोठ्या दारात एक छोटं दार असतं, दिंडी दरवाजा. मोठं दार लावलं तरी माणूस त्यातून वाकून जातो. म्हैस कशी जाणार?

मी त्याच दिवशी सरांना फोन केला. सर म्हणजे आमच्या फर्मचे मालक.

"सर, गुरं उतरल्यावर दार लावायला सांगूया का? अंधार पडायच्या सुमारास."

"टायमिंग पाचचं ठरलंय. वर दारूपार्ट्या होतात म्हणून तर दार मंजूर झालं."

"पार्ट्या पाचला सुरू होत नाहीत, सर."

"अगं, हेरिटेज साइट आहे ती, गोठा नाही. म्हाताऱ्याला सांग, पाचच्या आत गुरं खाली आण म्हणावं."

पार्ट्यांचं खोटं नव्हतं. फुटक्या बाटल्यांची पोती मीच उचलायला लावली होती. त्यामुळे मला धड भांडताही येईना.

आबांचा गुडघा कामातून गेलेला. रोज वर जाऊन म्हशी हुसकायला सून गेली, तर ताक कोण विकणार? "बगू कायतरी," आबा म्हणाले. "सरकारी काम हाये, आमी न्हाई कसं म्हनायचं?" त्यांनी पहारेकऱ्याला गाठलं. तो सिक्युरिटी एजन्सीचा, कान्हे गावाहून यायचा, मनाने बरा होता. म्हशी उतरेपर्यंत दार उघडं ठेवायचा. उन्हाळा तसाच निभावला.

मग एजन्सीला शिस्तीचा झटका आला. रोज पाच वाजता बंद दाराचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर पाहिजे, नाहीतर त्या दिवसाचा खाडा. पहारेकऱ्याचाही नाइलाज झाला. आता सून ताक सोडून दुपारीच वर जाऊ लागली.

श्रावणात एकदा ती तापाने पडली. वर धुकं दाटलेलं, हाताचं बोट दिसत नव्हतं. फोटो गेला, मोठ्या दाराला आणि दिंडीला कुलूप लागलं, पहारेकरी उतरला. म्हशी आपल्या वेळेला दाराशी आल्या. आतली वाट चिंचोळी आणि एका बाजूचा कठडा ढासळलेला. आबा गुडघा ओढत वर पोहोचले, तर आतून म्हशींचं रेकणं ऐकू येत होतं. पहारेकऱ्याचा फोन लागेना. सकाळी कुलूप निघालं तेव्हा दाराशी तीनच म्हशी होत्या. चौथी, गाभण होती, ती खाली दरीत पडली होती.

पाहणीचा रिपोर्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं. 'दार बंद असल्याने पाळीव म्हैस पडून मेली,' असं मी सरळ लिहिलं. सरांनी ते खोडून 'भटक्या जनावराचा तोल जाऊन मृत्यू, दरवाजास हानी नाही' असं केलं. भटक्या जनावराची भरपाई कुणी मागत नाही. मी सही केली नाही. सरांनी स्वतः केली. कुणाचं काही अडलं नाही.

आबांना हे मीच जाऊन सांगितलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. ते ओट्यावर बसले होते. गुडघा चोळत त्यांनी विचारलं,

"भटकी असती, म्याडम, तर घराकडं यायला कशाला निगाली असती?"

मी हे सरांना जसंच्या तसं सांगितलं.

"वाक्य चांगलं आहे," सर म्हणाले. "पण रिपोर्ट गेलाय."

उरलेल्या तीन म्हशी आबांनी औंढे गावात दिलेल्या लेकीकडे पोचवल्या. सून आता कोल्ड्रिंकच्या बाटल्या विकते. दाराचा फोटो मात्र आमच्या फर्मच्या कॅलेंडरवर आहे, अगदी पहिल्या पानावर.

आमच्या धंद्यात सर्व्हे सकाळी करतात, फोटोला उजेड चांगला मिळतो म्हणून. मी आता प्रत्येक साइटवर संध्याकाळीही जाऊन बसते. तिथल्या वाटेने कोण घरी येतं ते तेव्हाच कळतं.